म्हात्रेबाईंच्या सीड्या

आमच्या शाळेत म्हात्रेबाईंना मुलं घाबरत आणि शिक्षक त्याहून जास्त. त्या भूगोल शिकवायच्या, पण वर्गात नकाशा न्यायच्या नाहीत. हवेत बोटाने कोकणची किनारपट्टी काढायच्या आणि बोट मध्येच थांबवून मागच्या बाकावरच्या एखाद्याला विचारायच्या, "आता मी कुठे आहे?" तो भीत भीत रत्नागिरी म्हणायचा. "मी मालवणला पोचले. तू ये सावकाश," असं म्हणून बोट पुढे सरकायचं. वर्गात कुणी हसत नसे.

शाळा वज्रेश्वरीच्या अलीकडच्या एका गावात होती. मी तिथे मराठी शिकवायला लागले तेव्हा भिवंडीत धामणकर नाक्याजवळ मामांकडे राहत होते. सकाळी शेअर रिक्षाने शेलारपर्यंत जायचं आणि तिथून म्हात्रेबाईंच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचं, असं पहिल्याच आठवड्यात ठरलं. ठरवलं त्यांनीच; मला कुणी विचारलं नाही. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. पदर खोचून स्वतः गाडी चालवणारी दुसरी बाई मी तरी तेव्हा शेलारच्या रस्त्याला पाहिली नाही. रिक्षावाले त्यांना वाट देत, कारण नाही दिली तर त्या खिडकीतून हात काढून रिक्षाच्या टपावर थाप मारत.

गाडीचे नियम होते. दार आपटायचं नाही, डबा उघडायचा नाही, मोकळा रस्ता लागेपर्यंत बोलायचं नाही. "आधी रस्ता, मग गप्पा," असं त्या म्हणायच्या आणि मोकळा रस्ता लागला तरी गप्पा अशा फारशा व्हायच्या नाहीत. स्टिरिओला हात लावायचा नाही, हाही एक नियम. सकाळी तो बंदच असायचा. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, गाणी नाही लावत?"

"ती ह्यांची आहेत," त्या म्हणाल्या.

'हे' म्हणजे दत्ताराम म्हात्रे. गावात सगळे त्यांना दत्तूशेठ म्हणत. धाकट्या भावाबरोबर, बाळारामबरोबर, त्यांचा शेलारलाच कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. पन्नाशीच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा पूर्ण गेली. पाय मात्र वाचले. "पाय वाचले हीच पंचाईत," असं बाई स्टाफरूममध्ये एकदा म्हणाल्या. असं कुणी नवऱ्याबद्दल बोलतं का, असं मला वाटलं. त्यांच्याबरोबर शनिवारी ठाण्याला जायला लागल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

ठाण्याला एक बाई बोलण्याचे व्यायाम घ्यायच्या. आठवड्यातून दोनदा म्हात्रेबाई दत्तूशेठना तिकडे न्यायच्या. माझी आई ठाण्याला, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मीही त्याच गाडीने जायची. दत्तूशेठ पुढे बसायचे, पांढरा शर्ट, पांढरी पँट, दाढी नीट केलेली. दाढी बाईच करायच्या. गाडी सुरू झाली की डाव्या हाताने ते दाराचा दांडा धरायचे आणि त्यांचा श्वास मोठा होत जायचा. गाडी थांबली, विशेषतः ट्रॅफिकमध्ये अडकली, की त्यांना भयंकर भीती वाटायची. कशाची, ते सांगता येत नव्हतं. मग ते दार उघडून उतरायला बघायचे. मागे बसवून पाहिलं, मागची दारं आतून न उघडण्याची सोय होती. पण तिथे त्यांनी काचेवर डोकं आपटून घेतलं. शेवटी बाईंच्या लक्षात आलं, की गाडीत गाणी चालू असली की ते बसून राहतात. गाणी चालू आहेत तोवरच. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत त्यांची मान वळायची आणि हात दाराच्या कडीवर जायचा.

म्हणून सीड्या. भिवंडी ते ठाणे हा रस्ता कधी पाऊण तासात सरायचा, कधी तीन तास खायचा. साधी गाण्यांची सीडी तेवढी पुरायची नाही. एमपीथ्रीची सीडी पुरायची, आणि बाईंनी त्यासाठी तशी सीडी वाचणारा स्टिरिओ गाडीत बसवून घेतला. पण घरी कॉम्प्युटर नव्हता. तो मामांकडे होता. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्या यायच्या, मामींनी दिलेला चहा उभ्यानेच संपवायच्या आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या.

पहिली सीडी फसली. गाण्यांना मी एक, दोन, तीन असे आकडे दिले होते. स्टिरिओने एक नंतर दहा वाजवलं, मग अकरा, मग बारा. दहावं गाणं ढोलताशांचं होतं. बाईंनी ते मुद्दाम उशिरा, ठाणं जवळ आल्यावर वाजेल असं ठेवलं होतं. ते एकदम सुरुवातीला दणाणलं आणि दत्तूशेठ इतके दचकले की त्यांचा हात स्टीअरिंगवर आला. गाडी रस्त्याच्या कडेला गटारापर्यंत गेली. पुढच्या रविवारी बाईंनी मला हे वर्गात सांगावं तसं सांगितलं, न चिडता. मग आम्ही शून्य एक, शून्य दोन असे आकडे द्यायला शिकलो. पुन्हा पुसून वापरता येणारी सीडी तो स्टिरिओ घेत नाही, हे शिकलो. सीडी भरताना वेग सगळ्यात कमी ठेवायचा, आणि भरून झाल्यावर ती कायमची बंद करायची, नाहीतर गाडीत ती कोरीच दिसते, हेही. गाण्यांमधली शांतता जाईना, तेव्हा सगळी गाणी जोडून एकच लांबलचक गाणं करायचा उपाय सापडला. एकाचा शेवट संपायच्या आत दुसऱ्याची सुरुवात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसायच्या. रेघ जिथे सपाट व्हायची तिथे बाई बोट ठेवायच्या. "इथे ते उतरतील," त्या म्हणायच्या. "काढ."

सीडी झाली की ती घेऊन आम्ही खाली गाडीत बसायचो आणि ती पूर्ण ऐकायचो. मध्ये उठायचं नाही. बाईंचे डोळे समोरच्या भिंतीवर आणि हात मांडीवर. त्या गाणं ऐकतच नव्हत्या, ते कुठे अडखळतं का, एवढंच पाहत होत्या. सगळं ठीक निघालं की त्या सीडीवर गोल कागदी स्टिकर चिकटवायच्या आणि त्यावर निळ्या शाईने सुंदर अक्षरात तारीख घालायच्या. या सगळ्या उद्योगात त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी केलेली गोष्ट तेवढी एकच होती.

त्या स्टिकरनेच घात केला. मार्च संपत आला होता. सकाळची शाळा आटपून, दत्तूशेठना घेऊन आम्ही भर दुपारी धामणकर नाक्यावर अडकलो. पुढे कुठेतरी तागे भरलेला टेम्पो आडवा झाला होता. चारी बाजूंनी हॉर्न. गाडीच्या आत भट्टी झालेली. आणि गाणं मध्येच तुटलं. स्टिरिओतून घरघर आली, मग तीही थांबली.

बाईंनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. उन्हाने सीडीवरचा कागद सुटून आत गुंडाळला गेला होता, पण हे नंतर, मेकॅनिकने स्टिरिओ उघडला तेव्हा कळलं. तेव्हा एवढंच कळलं की सीडी आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही.

"अहो, बसा," बाई म्हणाल्या. "बसा हां. लावते."

दत्तूशेठनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. त्यांनी दार उघडलं आणि ते उतरले. बाईंनी त्यांचा शर्ट धरला, तो हातातून सुटला. दार मोकळं लटकत राहिलं आणि ते दोन टेम्पोंच्या फटीतून निघून गेले.

"जा," बाई मला म्हणाल्या.

मी धावले. रिक्षा, हातगाड्या, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, यांच्यात पांढरा शर्ट शोधायचा. आणि त्या नाक्यावर निम्म्या लोकांचे शर्ट पांढरे होते. मागे एका ट्रकने करकचून ब्रेक मारला. मी वळून पाहिलं नाही. बघायची छाती झाली नाही. एका पानवाल्याला विचारलं, "वो सफेद कपडेवाले, एक हाथ ऐसा..." त्याने गल्लीकडे बोट केलं. इतक्यात बाई माझ्या पुढे गेल्या. गाडी रस्त्याच्या मधोमध किल्लीसकट सोडून त्या आल्या होत्या. कधी धावताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. गल्लीला गल्ली फुटत होती. प्रत्येक वळणावर त्या क्षणभर थांबायच्या, दोन्हीकडे पाहायच्या. तोंडाने काही नाही. त्यांनी नवऱ्याला एकदाही हाक मारली नाही. मी मारली, मग मला कळलं की उत्तर येणारच नाही.

ते एका लूमच्या शेडमागे सापडले. आत लूम धडधडत होते. दत्तूशेठ भिंतीशी उभे होते, डावा तळहात भिंतीवर टेकलेला, कपाळ जवळजवळ भिंतीला लागलेलं. श्वास अगदी संथ. मी पुढे जाणार तोच बाईंनी माझा दंड धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "बघू दे मला."

आम्ही किती वेळ तशा उभ्या होतो कोण जाणे. मग बाई त्यांच्याजवळ गेल्या, स्वतःचा हात त्यांच्या हाताशेजारी भिंतीवर टेकला आणि थोड्या वेळाने ते आपणहून त्यांच्याबरोबर परत आले. नाक्यावर हवालदार आमच्या गाडीशेजारी उभा होता. त्याने बाईंना वाटेल ते सुनावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हे मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सोमवारी सकाळी गाडीत त्या मोकळा रस्ता लागायच्या आतच बोलल्या. "तीस वर्षं त्या आवाजात काढली त्यांनी. लूम बंद पडले म्हणजे काहीतरी बिघडलं, वीज गेली नाहीतर कुणाचा हात अडकला. गप्प झालं की ते जेवणावरून उठून पळायचे. मला आधी कळायला हवं होतं." मग म्हणाल्या, "तुझ्या त्या गाणी ऐकायच्या डबीत आवाज भरता येतो ना?"

येत होता. बोटाएवढा तो प्लेअर मी नवाच घेतला होता. त्या गल्लीतल्या शेडच्या मालकाला आम्ही विचारलं. तो घाबरला. "आज आवाज भराल, उद्या किती लूम चालतात ते मोजायला वीजवाले दारात येतील," म्हणाला, आणि त्याने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्यानेही तेच केलं. मग उरला बाळाराम.

दत्तूशेठ आजारी पडल्यावर कारखाना बाळारामच्या हातात गेला होता. बाईंनी नवऱ्याचा हिस्सा लेखी मागितला, त्याने उद्यावर ढकललं, मग वकिलांच्या नोटिसा झाल्या. वर्षाहून जास्त काळ दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. एकाच आळीत राहून एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जाणं होतं.

बाई मला बरोबर घेऊन गेल्या. "दुसरं कुणी असलं की माणूस शिव्या कमी देतो," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. शेडच्या दारात आम्ही उभ्या राहिलो तेव्हा आतल्या आवाजाने माझी छाती हलत होती. बाळाराम पुढे आला. भावासारखाच चेहरा, फक्त त्यात रक्त खेळत होतं. माझ्या हातातली डबी त्याने लगेच पाहिली.

"वैनी, कशाला आयलीस? आन ही कोन? वकिलाची हाय का?"

"मास्तरीण हाय. माझ्या शाळेतली."

"मंग हातात काय हाय तिच्या? माझं बोलनं भरतेस? कोर्टात लावतेस?" त्याने मागे वळून हात वर केला आणि ओरडला, "बंद करो. सब बंद करो."

एकामागून एक लूम थांबले. शेवटचा थांबला तेव्हा पत्र्यावर बसलेल्या कावळ्याचे पाय वाजले तेही ऐकू आले. कारागीर आमच्याकडे पाहत होते. बाई दारातून एक पाऊल मागे सरल्या नाहीत.

"बाळा, मला तुझं बोलणं नको," त्या म्हणाल्या. "तुझे लूम पायजेत. त्यांचा आवाज. तुझा दादा गाडीत बसत न्हाय, रस्त्यात उतरतो. परवा ट्रकखाली जायचा वाचला. लूम ऐकले की तो बसतो."

"खोटं."

"मंग खोटं."

आतून एक पिकल्या दाढीचा कारागीर पुढे आला, हातातला सुताचा कोन तसाच. "भाभी," तो म्हणाला, "दत्तूसेठ कैसे हैं?"

"बोलते नहीं, रफीकभाई," बाई म्हणाल्या. "सुनते हैं."

म्हातारा मान हलवत राहिला. बाईंनी माझ्या हातातून डबी घेतली आणि बाळारामच्या हातात ठेवली. "तूच धर. तूच चालू कर, तूच बंद कर. आम्ही दोघी बाहेर उभ्या राहतो. तुझ्या तोंडचा एक शब्द आला त्यात, तर ती फोडून टाक."

बाळारामने डबी उलटीसुलटी करून पाहिली. कुठलं बटण दाबायचं ते मी दाखवलं. मग आम्ही बाहेर येऊन चिंचेखाली उभ्या राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. बाई जमिनीकडे पाहत होत्या. मग आत एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळी शेड उठली. दारातून मला बाळाराम दिसत होता. लूमच्या रांगांच्या मधोमध, हात पुढे करून, देवापुढे आरती धरावी तशी ती डबी धरून तो उभा होता. एक हात दुखायला लागला की दुसऱ्यात घ्यायचा. डबी परत देताना तो बाईंशी बोलला नाही. मला म्हणाला, "नीट घेऊन जा."

त्या रविवारी सीडी करताना बाईंनी काहीच काढायला लावलं नाही, रेघ कुठे सपाट नव्हतीच. स्टिकरही चिकटवला नाही. मधल्या भोकाजवळ मार्करने एक बारीक खूण केली, बस.

शनिवारी गाडीत सीडी घातली. गाडीत लूम धडधडायला लागले. शेजारच्या रिक्षातली माणसं वळून बघायला लागली. दत्तूशेठनी दांडा सोडला. डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि पाठ सीटला टेकली. त्या सीटला त्यांची पाठ टेकलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. धामणकर नाका आला, तिथे पुन्हा अडकलो, पुन्हा सुटलो. कशेळीच्या अलीकडे रस्ता तुंबलेला होता. बाईंची नजर आरशात, रस्त्यावर, नवऱ्याच्या हातावर अशी फिरत होती.

तेवढ्यात दत्तूशेठ पुढे वाकले. बाईंचा हात झटकन त्यांच्या छातीशी आडवा गेला. ते दाराकडे वळले नव्हते. स्टिरिओकडे कान करून ऐकत होते. कपाळाला आठी पडली होती. त्यांचे ओठ हलले, एकदा, दोनदा, काहीच येईना. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मग आवाज आला, घोगरा, गंजलेला.

"तार."

बाईंनी गाडी तिथेच कडेला घेतली. मागून शिव्या आल्या. मला काहीच कळलं नव्हतं. ती सीडी मी पूर्ण ऐकली होती, तेव्हाही कळलं नव्हतं. आता कान देऊन ऐकलं तर त्या गदारोळात एक ठेका कमी झाला होता. रेकॉर्डिंग चालू असताना कुठल्या तरी लूमवरची तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली होती आणि तो एक थांबला होता.

"तार," दत्तूशेठ पुन्हा म्हणाले, आणि बायकोकडे पाहिलं. आता त्या नजरेत ओळख होती आणि थोडा रागही, मालकाला येतो तसा.

"हो, तुटली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "रफीकभाई जोडतायत. बघा हां आता."

आम्ही तिघं वाट पाहत बसलो. थोड्या वेळाने तो ठेका परत आला. दत्तूशेठ मागे टेकले. बाईंनी गिअर टाकला, पण गाडी लगेच निघाली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून त्या समोर बघत राहिल्या. मला मागून त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता, आणि तो हलत होता.

त्यानंतर वर्षभरात दत्तूशेठना काही शब्द आले. पाणी, चल, नको, आणि बाईंचं माहेरचं नाव, जे शाळेत आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळारामशी कोर्टातलं चालूच राहिलं. त्यातून काय झालं ते बाईंनी सांगितलं नाही आणि विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. पुढच्या थंडीत दुसरा झटका आला. या वेळी ठाण्यापर्यंत जायची वेळच आली नाही. बाई तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आणि सातवीच्या वर्गात वारे शिकवायला लागल्या. पुढे माझी बदली शहापूरकडे झाली. भेटी कमी झाल्या, मग थांबल्या.

बाईंना शेवटचं पाहिलं ते मी मामांकडे आले होते तेव्हा. भाजी घेऊन रस्ता ओलांडत होते. समोरून त्यांची तीच गाडी आली आणि गर्दीत थांबली. बाईंचे केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांच्या शेजारी बाळाराम बसला होता, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मला पाहून त्याने तोंड दुसरीकडे केलं.

मी खिडकीशी गेले. "बाई, कुठे?"

"ठाण्याला. ह्याचा डोळा." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारीक झालीस. बस मागे, सोडते."

"नाही बाई, इथेच जायचंय."

"बरं." मग त्या बाळारामकडे न बघता म्हणाल्या, "पट्टा लाव म्हटलं ना."

बाळाराम सीटच्या कडेला चाचपडायला लागला. एका डोळ्याने त्याला तो सापडेना. पुढची रिक्षा हलली, मागून हॉर्न वाजला. बाईंनी त्याच्या अंगावरून वाकून पट्टा ओढला, खाचेत घालून खट्कन बसवला आणि ओढून पाहिला. मग त्यांनी मागच्याला हाताने "थांब" केलं आणि गाडी पुढे काढली.